नऊ नंबरवरचा होकार

१

बोरगावची पंचफुला बाळंतपणात गेली. मूलही गेलं. आणि त्याच आठवड्यात धामणखेडच्या डॉक्टर हिंमतराव पडघानांच्या घरावर दगड आले.

लोकांचा राग समजण्यासारखा होता. पंचफुला अडली तेव्हा तिचा नवरा जानराव धावत सोसायटीच्या कचेरीत गेला होता. बोरगावात फोन तेवढाच. त्यानं धामणखेडच्या एक्स्चेंजला डॉक्टरांचा नऊ नंबर मागितला, फोन लागला, पलीकडून कोणीतरी उचलला आणि निघाल्याचं सांगितलंही. दिवस मावळेपर्यंत माणसं वाटेकडे डोळे लावून बसली. डॉक्टर आलेच नाहीत.

डॉक्टर सांगत होते, "मी दुपारभर घरात होतो. माझा फोन वाजलाच नाही."

दोघांपैकी एक खोटं बोलत होता, नाहीतर मधला माणूस चुकला होता. मधला माणूस म्हणजे पुष्पाबाई. पोस्टाच्या मागच्या खोलीत वीस-बावीस फोनांचा बोर्ड सांभाळणारी ऑपरेटर. खात्यानं फार विचार केला नाही. तिनं भलत्याच घरी फोन जोडला असा ठपका ठेवून तिला कामावरून थांबवलं, तिच्या जागी चिखलीहून बदली ऑपरेटर पाठवला आणि पुढचा तपास टेलिफोन इन्स्पेक्टर रंगराव भुतेकरांच्या गळ्यात घातला.

महाराष्ट्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती. जिल्ह्यात तारा वाढत होत्या, माणसं वाढत नव्हती. रंगरावांकडे अर्ध्या जिल्ह्याच्या लाइनी होत्या, खांद्याला लटकवायची तपासणीची पेटी होती आणि पोटात कायमची आग होती. ते धामणखेडला पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी एक्स्चेंजमधून नऊ नंबरची घंटी वाजवली. वाजली. डॉक्टरांच्या घरून एक्स्चेंजला फोन केला. लागला. लाइनमन तुळशीरामला खांबावर चढवलं.

"लाइन एकदम बरोबर हाय साहेब," तुळशीराम वरूनच ओरडला.

दुसऱ्यांदा आले, तेव्हाही सगळं तसंच. बिघाड असता तर तो दुरुस्त करून माणूस घरी जातो. पण धडधाकट लाइनीचं करायचं काय? वरून कचेरीची विचारणा येत होती: ऑपरेटरचा दोष सिद्ध झाला का, होय किंवा नाही एवढंच कळवा.

रंगरावांनी तो कागद चुरगाळला, मग पुन्हा सरळ केला. सरकारी होता.

२

दुसऱ्या फेरीतच ते तुळशीरामच्या सायकलीवर मागं बसून बोरगावला गेले होते. जानराव गोठ्यापाशी बसला होता. तिशीतला माणूस, दाढी वाढलेली. त्यानं पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही.

"फोन कोणी उचलला?"

"डाक्टरसाहेबानं. दुसरं कोन उचलनार?"

"आवाज ओळखलास?"

"मी कधी त्याइच्याशी फोनवर बोललो? मले काय ओळखू येते! मानसाचा आवाज होता. मी म्हनलं, साहेब, बोरगावहून बोलून राह्यलो, घरची अडली, लवकर या. तं म्हनले, निघालेच समजा."

"एवढंच?"

"एवढंच. मले नीट आयकूही येत नव्हतं. मांगं कायतरी पुक-पुक, पुक-पुक चालू होतं. म्हनून मी वरडून बोललो."

"पावसाळी हवेत लाइनीवर खरखर येते," तुळशीराम मध्येच म्हणाला.

"खरखर नाई. पुक-पुक," जानराव म्हणाला. मग रंगरावांकडे बघून त्यानं विचारलं, "त्या बाईले कामावरून काहाडलं म्हने? काऊन? तिनं तं फोन लावून देल्ता ना मले. ज्यानं उचलला त्याले धरा."

परतीच्या वाटेवर तुळशीराम सायकल मारता मारता डॉक्टरांचं कौतुक करत होता. त्याच्या पोराला धनुर्वात झाला तेव्हा डॉक्टर दोन रात्री त्याच्या झोपडीत बसून होते. असा माणूस फोन घेऊन घरी झोपेल, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. ते रंगरावांच्याही मनाला पटत नव्हतं, आणि त्यामुळेच त्यांची चिडचिड वाढत होती.

३

डॉक्टरांचं घर गावाबाहेर, आमराईच्या टोकाला होतं. पूर्वी दवाखाना बाजारात होता. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांच्या छातीत कळ आली, बुलढाण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना धावपळ बंद करायला सांगितली, तेव्हा दवाखाना घराच्या ओसरीवर आला आणि फोनही इकडेच हलवला गेला. बाजारातल्या जुन्या खोलीत आता औषधांची खोकी आणि कंपाउंडर पुंजाजीचं बिऱ्हाड होतं. पुंजाजी सकाळ-संध्याकाळ ओसरीवर औषधं द्यायला यायचा.

फुटलेल्या काचांच्या जागी पुठ्ठे लावले होते. डॉक्टर आरामखुर्चीत बसले होते. चेहरा उतरलेला, पण आवाजात धार होती.

"भुतेकर, तुम्ही मला तिसऱ्यांदा तेच विचारताय. फोन वाजला नाही. वाजला असता तर मी गेलो असतो. गेली वीस वर्षं मी बोलावणं टाळलेलं नाही."

"दुपारी तुम्ही झोपता?"

"आडवा होतो. झोप लागली तरी फोन मला ऐकू येतो. तो बघा, खाटेपासून चार हातांवर आहे."

खरंच होता. खिडकीशी स्टुलावर काळा फोन, त्यावर दोऱ्यानं विणलेला पांढरा रुमाल. आजूबाजूला शांतता अशी, की आंब्याचं पान पडलेलं ऐकू यावं.

गीताबाई, डॉक्टरांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. ठेंगण्या, कामसू बाई. त्यांनी आधी नवऱ्याच्या हातात कप दिला, कप त्याच्या बोटांत नीट बसला का ते पाहिलं आणि मगच दुसरा कप पाहुण्यांपुढं केला.

"किती दिवस चालनार हो हे?" त्यांनी विचारलं. "याइले त्रास नको, असं बुलढान्याच्या मोठ्या डाक्टरांनी निक्षून सांगतलं हाय. तुम्ही येता त्या दिवशी दुपारी याइचा डोया लागत नाई."

"तुम्ही त्या दिवशी घरी होता?"

"मी कुठं जानार?"

"फोन वाजला नाही?"

"घरातला फोन वाजला नाई," गीताबाई म्हणाल्या आणि रिकामी ताटली उचलून आत गेल्या.

"पुढच्या वेळी येणार असाल तर नेहमीसारखं सकाळी फोनवर कळवा," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे ही जेवणाचं बघेल."

रंगराव नेहमी चिखलीहून सकाळी फोन करूनच यायचे. सभ्यपणाची रीत म्हणून. एक्स्चेंजला मात्र कळवत नसत. तपासनीस येतोय हे कळलं की बोर्ड चकचकीत होतो आणि बिघाड लपतो, हा त्यांचा जुना अनुभव.

४

पुष्पाबाईच्या घरी जायला रंगरावांना संकोच वाटत होता. पण ती दारातच भेटली. चाळिशीची विधवा, नऊवारीचा पदर खोचून तिखट कांडत होती. तिनं मुसळ बाजूला ठेवलं.

"आता काय राह्यलं साहेब? लिहून देऊ का, की हाव, माहीच चूक झाली?"

"चूक झाली का?"

"नाई."

"बोर्डावर नऊऐवजी दुसऱ्या भोकात जोडणीची खुंटी गेली असेल. माणूस चुकतो."

"चुकला असता तं जानरावाले कोनी सांगतलं असतं का, निघालो म्हनून? बाकीचे नंबर कोनाचे? जिनिंगवाल्याचा, पोलिसाचा, सोसायट्याइचा, आडत्याइचा. बाई अडली म्हनल्यावर त्यातलं कोन म्हनते, निघालेच समजा? मी फोन नऊलेच लावला. हॅलो आयकलं आन् बाजूले झाली. पुढचं आयकाची आम्हाले परवानगी नाई."

तिचं म्हणणं बिनतोड होतं. फोन भलत्या घरी गेला असता तर तिथला माणूस 'राँग नंबर' म्हणाला असता. उचलणाऱ्याला माहीत होतं, की हा फोन डॉक्टरांसाठी आहे.

"तेवढा हॅलो कसा होता?"

पुष्पाबाईनं डोळे बारीक केले. "मोठा. डाक्टरसाहेबाचं घर लई दूर, त्याइचा आवाज येते तो विहिरीतून आल्यासारखा. त्या दुपारी असा आला, का बाजूच्या खोलीतून कोनी बोलून राह्यलं. मले वाटलं, लाइन सुधारली बाप्पा. नऊ नंबरचं कायतरी बिघडेलच हाय. मी कितीकदा सांगतलं. दुपारची बोर्डावरली नऊची झडप खाली पडते. म्हनजे तिथून कोनीतरी हँडल फिरवलं. मी खुंटी घालून हॅलो हॅलो करते, तं कोनी बोलत नाई. तुळशीराम म्हने, आंब्याची फांदी तारेले लागते."

ती तक्रार रंगरावांच्या ओळखीची होती. त्यांनीच त्यावर फांद्या छाटण्याचा हुकूम दिला होता. फांद्या छाटल्यावरही तक्रार आली, तेव्हा त्यांनी पुन्हा तोच हुकूम दिला होता.

"रोज पडते झडप?"

"बहुतेक रोज. तुम्ही आले होते त्या दोन्ही दिवशी पडली नाई, म्हने. बदलीवाला पोरगा सांगत होता. साहेबाले पाहून झडपही भेते म्हनला." पुष्पाबाई हसली नाही. तिनं मुसळ उचललं. "माहं हसू करून राह्यले सारे."

५

त्या संध्याकाळी परतीची बस आली नाही. रंगराव बाजारातल्या बाकावर डोकं धरून बसले. कचेरीला उत्तर द्यायचं होतं आणि हातात काहीच नव्हतं. आपण आलो की लाइन निरोगी, आपण गेलो की आजारी. झडपेला डोळे नसतात. मग तिला कळतं कसं, की आज रंगराव भुतेकर गावात आहे?

समोर पिठाच्या गिरणीचं इंजिन सुरू झालं. भिंतीबाहेर काढलेल्या नळीतून धूर उसळला.

पुक-पुक, पुक-पुक.

रंगराव ताडकन उठले. गिरणीच्या भिंतीला लागून एक बंद दाराची खोली होती. दारावर पुसट झालेला लाल क्रॉस. डॉक्टरांचा जुना दवाखाना. आणि दारासमोरच टेलिफोनचा खांब. एक्स्चेंजमधून आमराईकडे जाणारी तार याच खांबावरून पुढं जात होती.

त्यांना जानरावचं बोलणं आठवलं. निघालेच समजा. आपण ते ऐकलं आणि तसंच गिळलं. स्वतःबद्दल बोलणारा माणूस 'निघालो' म्हणतो. 'निघाले' म्हणतो तो दुसरा कोणी, डॉक्टरांना मानणारा. फोन जवळून उचलला होता, म्हणून आवाज मोठा आला. फोन गिरणीशेजारी उचलला होता, म्हणून पुक-पुक आली.

दार ठोठावावं असं त्यांना फार वाटलं. पण आत पाऊल टाकलं आणि तिथं काहीच नसलं तर? तीनदा हात हलवत परतलेल्या माणसाला चौथी फजिती परवडणारी नव्हती. आणि एक गाठ अजून सुटत नव्हती. आपण येणार हे एक्स्चेंजला माहीत नसे, बाजाराला माहीत नसे. ते सकाळी माहीत होई फक्त एका घरात.

६

पुढच्या वेळी रंगरावांनी कोणालाच कळवलं नाही. बसनंही आले नाहीत. उंद्रीला उतरले, कापसाच्या गाडीवर बसून आडवाटेनं धामणखेडला पोचले आणि पोस्टाच्या मागच्या दारानं एक्स्चेंजमध्ये शिरले. बदली ऑपरेटर दचकून उभा राहिला. त्यांनी त्याला खूण करून खाली बसवलं आणि बोर्डापुढं खुर्ची ओढली.

जेवणवेळ टळली. उकाड्यानं खोली तापली होती. एक व्यापारी चिखलीसाठी तासभर भांडत होता, त्याला दोनदा जोडून दिलं, दोनदा तुटलं. रंगरावांचा सदरा पाठीला चिकटला. आजही फुकटच जाणार असं त्यांना वाटू लागलं.

टक्.

नऊ नंबरची झडप पडली.

त्यांनी खुंटी घातली. "हॅलो?" कोणी बोललं नाही. पण पलीकडं शांतता होती. आमराईतली शांतता. आणि त्या शांततेत बांगड्यांचा किंचित आवाज झाला. मग रिसीव्हर ठेवला गेला.

रंगरावांनी थोडा वेळ जाऊ दिला. मग नऊ नंबरची घंटी वाजवली. लगेच उचलला गेला.

"हां, बोला."

पुरुषाचा आवाज. मोठा, स्वच्छ. मागं पुक-पुक.

"डॉक्टर आहेत?" रंगरावांनी आवाज बदलून विचारलं.

"आराम करून राह्यले. काय निरोप हाय?"

"थांबा, माणूस बोलवतो. ठेवू नका." त्यांनी रिसीव्हर बदली ऑपरेटरच्या हातात कोंबला. "बोलत राहा. काहीही बोल. पोटदुखी सांग."

आणि ते बाजाराकडे निघाले. धावत नव्हते, पण वाटेत नमस्कार करणाऱ्या कोणालाही त्यांनी उत्तर दिलं नाही. जुन्या दवाखान्याचं दार नुसतंच लोटलेलं होतं. त्यांनी ते ढकललं.

औषधांच्या खोक्यांमध्ये पुंजाजी कंपाउंडर पाठमोरा बसला होता. कानाला खात्याचा जुना रिसीव्हर. तो फोनमध्ये सांगत होता, "पोट वरून दुखते का खालून, ते आधी सांगा."

७

भिंतीवर एक खटका होता. लाइन खांबावरून खाली खोलीत येत होती, खटक्यातून जात होती आणि परत वर चढून आमराईकडे जात होती. खटका एका बाजूला केला की फोन डॉक्टरांच्या घरी. दुसऱ्या बाजूला केला की इथंच. डॉक्टरांचा फोन तेवढा वेळ नुसता काळा दगड.

पुंजाजी पन्नाशीचा, हाडकुळा माणूस. त्यानं लपवालपव केली नाही.

"मी केलं. मले डाक्टर म्हनवून घ्याची हौस होती. बारीक-सारीक तापाचे फोन घ्याचो, सायकलीवर जाऊन गोळ्या देऊन याचो. लोक मानत होते मले."

"आणि बोरगाव?"

"गेल्तो मी. वेशीपाशी पोचलो तं दिवस मावळून राह्यला होता, रडारड आयकू आली. तिथूनच परतलो."

इथं कोणीही तपास थांबवला असता. गुन्हेगार सापडला, कबुली मिळाली. पण रंगराव खटक्याकडे पाहत उभे होते. तारेचे जोड बोटांनी चाचपत होते. घट्ट पिळलेले, वरून शिशाचा डाग दिलेले, मेणकापडानं बांधलेले. असा जोड कंपाउंडर मारत नाही. गिरणीचा वायरमनही मारत नाही. तो खात्यात शिकवला जातो.

त्यांनी तुळशीरामला बोलावून आणलं आणि त्याच्यापुढं फक्त जोडाकडे बोट दाखवलं. "जोड माहाच हाय साहेब," तुळशीराम म्हणाला.

"पुष्पाबाईला कामावरून काढलं, तेव्हाही तू गप्प बसलास?" रंगरावांचा आवाज चढला. "मला तीनदा खांबाखाली उभं करून लाइन बरोबर हाय म्हणालास?"

"तुम्ही येत तेव्हा ते बरोबरच राहे साहेब," तुळशीराम पुटपुटला.

"तेच तर. का बरोबर राहे? पुंजाजी, डॉक्टर रोज वेगळ्या वेळी आडवे होतात. ते झोपले हे तुला बाजारात बसून कसं कळतं? घरून कोणीतरी हँडल फिरवतं. लाइन इथून जाते म्हणून तुझ्या घंटीलाही धक्का बसतो, तू खटका टाकतोस. तिकडं बोर्डावर झडप पडते आणि पुष्पाबाई वेड्यासारखी हॅलो हॅलो करते. मी येणार असलो की त्या घरी आधीच माहीत असतं. त्या दिवशी हँडल फिरत नाही. आज फिरलं. मी बांगड्या ऐकल्या."

पुंजाजीनं एकदम त्यांचे पाय धरले. "बाईचं नाव घेऊ नका साहेब. माह्यावर टाका सारं. मी एकटा मानूस हाय."

८

रंगरावांनी बोरगावला माणूस पाठवून जानरावला बोलावून घेतलं. दिवस कलता कलता सगळे आमराईतल्या ओसरीवर जमले. पुष्पाबाई खांबाशी उभी राहिली. डॉक्टरांना आधी काही कळेना. रंगरावांनी जे पाहिलं, जे ऐकलं ते एकेक करून सांगितलं, पदरचा एकही शब्द न घालता. बोलणं संपेपर्यंत डॉक्टरांची मान हळूहळू बायकोकडे वळली होती.

"गीता?"

गीताबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी नाकारलं नाही.

"मोठे डाक्टर म्हनले होते, दुपारी याइले हलू देऊ नका. हे आयकत होते का? फोन वाजला का उठले, बॅग घेतली, चालले चिखलातून. एकदा वाटेतच बसून राह्यले, लोकायनं गाडीत घालून आनले. मी काय करू? पाया पडून पाह्यलं. मंग मी तुळशीरामले म्हनलं, दुपारचे फोन पुंजाजीकडे जाऊ दे. बारीक असलं तं त्यानं पाहावं. मोठं असलं तं मले येऊन सांगावं, मी उठवीन."

"त्या दिवशी सांगितलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाव. आला होता तो सायकलीवर. बाई अडली म्हने."

गीताबाई आता नवऱ्याकडे बघून बोलू लागल्या.

"सकाळपासून तुमच्या छातीत दुखत होतं. गोयी घेऊन तेव्हाच डोया लागला होता. मी खाटेजवळ आली. हात पुढं केला." गीताबाईंनी पुढं केलेला हात मागं घेतला. "नाई उठवलं मी. पुंजाजीले म्हनलं, सुई घेऊन तूच जा, आन् त्याइले सांग, बुलढान्याले न्या म्हना."

"मी फोनवर आधीच बोलून गेल्तो, निघालेच समजा," पुंजाजी खाली बघत म्हणाला. "नेहमीच म्हनतो मी तसं. मानसाले धीर येते."

आतापर्यंत जानराव ओसरीच्या पायरीवर पाठमोरा बसला होता. तो उठला. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले, "जानराव, तुला काय करायचं ते मला कर."

जानरावनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तो गीताबाईंशी बोलला, आणि अगदी हळू बोलला.

"मी गाडी जुंपली होती बाई. फोनवर जायच्या आधीच जुंपली होती. पंचफुलाले आत घालून बुलढान्याले निघनार होतो. फोनवर हो म्हनले, म्हनून मी घरी येऊन बैल सोडले. डाक्टर येऊन राह्यले, आता हलवू नका, असं मीच साऱ्याइले सांगतलं. दिवस मावळेपर्यंत मीच सांगत होतो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तुम्ही तुमचा मानूस वाचवला. त्याचा राग नाई मले. मले फक्त नाई म्हनाचं होतं. तेवढं नाई तुमच्यापाशी नव्हतं?"

गीताबाई उंबऱ्यावर खाली बसल्या. डॉक्टर उठून त्यांच्याकडे जातील असं सगळ्यांना वाटलं. ते गेले नाहीत. ते रंगरावांकडे वळले. मग म्हणाले, "भुतेकर, लिहून घ्या. फोन माझ्या घरातून बंद केला होता. ऑपरेटरची चूक नव्हती."

"याइचं नाव लिहू नका," गीताबाई म्हणाल्या. "माहं लिहा. गीताबाई पडघान."

९

तुळशीरामची नोकरी गेली. पुंजाजीला पोलिसांनी दोनदा बोलावलं, पुढं काही झालं नाही. तो गाव सोडून बहिणीकडे वरवट बकालला गेला. जानरावनं कोणावर फिर्याद केली नाही. लोकांनी त्याला पुष्कळ सांगून पाहिलं.

पुष्पाबाईला परत कामावर घ्यायला खात्यानं इतका वेळ लावला, की रंगरावांनी शेवटी कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटला. त्याबद्दल त्यांना समज मिळाली. धामणखेडच्या चार फेऱ्यांबद्दल त्यांना मिळालेली ती एकमेव लेखी पावती.

डॉक्टर आणि गीताबाई एकाच घरात राहत होते. बोलत होते की नाही, गावाला कळलं नाही. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ रोगी बघत. दुपारी ते आडवे होत आणि गीताबाई फोन असलेल्या खिडकीशी स्टूल ओढून बसत.

पुष्पाबाई बोर्डावर परतली त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, कुठल्याशा खेड्यातून घाईघाईचा फोन आला. पोराला फिट येत होती. तिनं नऊ नंबर जोडला. हॅलो ऐकलं की बाजूला व्हायचं, हा नियम होता. त्या दिवशी ती बाजूला झाली नाही.

पलीकडून गीताबाईंचा आवाज आला, दूरचा, विहिरीतून आल्यासारखा.

"डॉक्टर येनार नाईत. आता येऊ शकत नाईत. वाट पाहू नका, जे वाहन भेटन त्यात घाला आन् पोराले बुलढान्याले न्या. आयकलं का? नाई म्हनून राह्यली मी. डॉक्टर येनार नाईत."

"हाव बाई," पलीकडचा माणूस म्हणाला. "निघतो."

पुष्पाबाईनं खुंटी काढली. मग कोणी न सांगता तिनं बुलढाण्याची लाइन मागितली आणि दवाखान्याला कळवलं, एक पोरगा येऊन राह्यला, जागा तयार ठेवा.